एक फेरा की दोन: मुलांच्या क्वाडबाईकचं इंजिन

मुलांच्या क्वाडबाईकची, म्हणजे जाड टायरांच्या छोट्या चारचाकी गाडीची, जाहिरात बघताना नजर आधी सीसीवर जाते, मग किमतीवर. एकीकडे ४९ सीसीची टू-स्ट्रोक, दुसरीकडे ११० सीसीची फोर-स्ट्रोक. सात-आठ वर्षांच्या पोरासाठी घ्यायची म्हटल्यावर आईबाप हिशेब मांडतात: ४९ म्हणजे निम्म्याहून कमी, तेव्हा धोकाही निम्म्याहून कमी. नागाव-काशीदच्या किनाऱ्यावर एटीव्हीची (क्वाडबाईकचंच दुसरं नाव) फेरी मारून आल्यावर 'फार्महाऊसवर एक छोटी आणून ठेवू' असं ठरवणाऱ्यांचाही हिशेब बहुधा हाच असतो. तो चुकतो, कारण सीसी हे सिलिंडरमधल्या जागेचं माप आहे. त्या जागेत मिनिटाला किती वेळा भडका उडतो आणि त्याचा जोर चाकापर्यंत कसा पोचतो, यातलं काहीच त्या आकड्यात नाही.

फोर-स्ट्रोकचं काम सावकाश, पायरीपायरीने चालतं. पिस्टन खाली येताना हवा आणि पेट्रोल आत घेतो, वर जाताना ते दाबतो, ठिणगी पडली की जोरात खाली ढकलला जातो आणि पुन्हा वर जाताना जळका वायू बाहेर काढतो. क्रँकचे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याचे, दोन फेरे, भडका एकच. निकोलाउस ओटोने १८७६ साली जर्मनीत हे चक्र चालवून दाखवलं. आज आपल्या रस्त्यावरची बहुतेक पेट्रोल इंजिनं त्याच वंशातली. टू-स्ट्रोकमध्ये हे सगळं एका फेऱ्यात उरकायचं असतं. तिथे व्हॉल्व्ह नाहीत, सिलिंडरच्या भिंतीला झरोके आहेत. पिस्टन खाली आला की झरोके उघडतात. एका बाजूने ताजं मिश्रण आत घुसतं आणि तेच जळक्या वायूला दुसऱ्या बाजूने बाहेर रेटतं. पिस्टनखालची क्रँककेस, म्हणजे क्रँकची बंद पेटी, पंपाचं काम करते.

दर फेऱ्याला भडका, म्हणून तेवढ्याच सीसीत दुप्पट ताकद, असं गणित सांगतं. प्रत्यक्षात तेवढी मिळत नाही. झरोके उघडे असतात तेव्हा ताजं मिश्रणही जळक्या वायूबरोबर बाहेर सटकतं. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलचा पाव हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, न जळताच सायलेन्सरमधून निघून जायचा.

हे सटकणारं मिश्रण परत आणण्याची युक्ती पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीचा वॉल्टर काडेन याने १९५० च्या दशकात पक्की केली. एक्झॉस्टची नळी मध्ये फुगवायची आणि पुढे निमुळती करायची. त्या आकारामुळे दाबाची लाट नळीच्या टोकाकडून उलट फिरते आणि बाहेर निघालेलं मिश्रण झरोका बंद होण्याच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. १९६१ मध्ये एमझेडचा स्वार एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला, ही विद्या सुझुकीकडे घेऊन गेला, आणि पुढच्याच वर्षी सुझुकीच्या गाडीवर जागतिक विजेता झाला. ती शर्यत होती ५० सीसीची. म्हणजे आज जो आकडा 'लहान मुलांसाठी' म्हणून छापला जातो, त्याच आकड्यातल्या गाड्या तेव्हा ताशी १०० किलोमीटरच्या पुढे पळत होत्या.

पण ती लाट वेळेवर परत येते ती इंजिनच्या ठरावीक वेगालाच. त्याच्या खाली गाडी मरगळलेली असते, आणि तो वेग गाठला की एकदम झेप घेते. यामाहाची टू-स्ट्रोक आरएक्स १०० चालवलेल्यांना या झेपेबद्दल वेगळं सांगायला नको. तिच्या आठवणीने आजही अनेकांचे डोळे चमकतात. मोठ्यांना जी मजा वाटते, ती मुलाच्या बाबतीत मात्र अडचण होते. क्वाडबाईकचा वेग अंगठ्याने खटका दाबून वाढवायचा असतो, आणि मूल अजून अंगठा किती दाबला की गाडी किती पळते, हेच शिकत असतं. अर्धा दाबून काही घडत नाही आणि आणखी जरासा दाबला तर गाडी हातातून निसटते, असं असेल तर तो अंदाज बसणार कसा?

स्वस्तातल्या ४९ सीसी मिनी क्वाडची नळी शर्यतीच्या गाडीइतकी कसलेली नसते, हे खरं. तिथे धक्का दुसरीकडून येतो. या गाड्यांना सेंट्रिफ्युगल क्लच असतो, तो इंजिनचा वेग वाढला की आपोआप पकडतो आणि इंजिनचा जोर चाकांना जोडतो. छोटं टू-स्ट्रोक इंजिन कमी वेगात दुबळं, म्हणून क्लच पकडण्याचा वेग वर ठेवावा लागतो, आणि पकडला की गाडी हिसका देऊन सुटते. ११० सीसीचं फोर-स्ट्रोक खालपासूनच ओढतं. बाजारातली बरीचशी अशी इंजिनं होंडाच्या १९५८ च्या सुपर कबमधल्या आडव्या इंजिनाच्या धर्तीवर बेतलेली आहेत. दिसायला साधी, चालायला शांत. अंगठा उचलला की इंजिन स्वतःच गाडीला मागे खेचतं; टू-स्ट्रोकमध्ये ही ओढ फारच कमी.

रोजच्या वापरातही टू-स्ट्रोक मुलांच्या स्वभावाला सोसत नाही. लुना आणि चेतकच्या पिढीला पंपावरचं टू-टी ऑइल आठवत असेल. मिनी क्वाडमध्येही पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं: ५० ला १ या प्रमाणात लिटरला २० मिली, २५ ला १ असेल तर ४० मिली. विसरलात तर पिस्टन जाम. आणि मूल गाडी चालवतं हळू, अंगणातल्या अंगणात गोल गोल. अशा वेळी तेल नीट जळत नाही, प्लग काळा पडतो आणि गाडी बंद. मग इंजिन सुरू करायची दोरी ओढून ओढून आईबाबा घामाघूम, आणि निळसर धूर मागे चालणाऱ्याच्या नाकात. फोर-स्ट्रोकचं तेल वेगळं राहतं. ते वेळेवर बदला, अधूनमधून टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट जुळवणं) करून घ्या, बाकी तक्रार नाही.

इथवर वाचून फोर-स्ट्रोकच घ्यावी असं वाटेल. माझा कलही तिकडेच आहे, पण टू-स्ट्रोकच्या बाजूने एक मुद्दा खरोखर वजनदार आहे, आणि तो वजनाचाच आहे. ४९ सीसीची साधी मिनी क्वाड ४० किलोच्या आसपास भरते. ११० सीसीची सहज त्याच्या दुप्पट. क्वाडबाईकचे जीवघेणे अपघात प्रामुख्याने गाडी उलटून अंगावर आल्याने होतात. शिवाय वळताना स्वाराने अंग झुकवून तोल सांभाळायचा असतो. २० किलोचं मूल ९० किलोच्या यंत्राचा तोल अंगाने काय सांभाळणार? म्हणून सहा-सात वर्षांच्या किरकोळ अंगाच्या मुलासाठी, सपाट जागेत, वेगाला अटकाव असलेली हलकी टू-स्ट्रोक हा अडाणी पर्याय नव्हे. नऊ-दहाच्या पुढे, अंगात जरा जोर आल्यावर, मी फोर-स्ट्रोकवरच बोट ठेवेन.

सीसीवर विसंबणं किती फसवं, हे अमेरिकेत कायद्यालाच शिकावं लागलं. तिथे १९८८ मध्ये कंपन्यांनी सरकारशी केलेल्या समझोत्यानुसार तीनचाकी एटीव्हीची विक्री थांबली आणि चारचाकींना सीसीप्रमाणे वयं ठरली. पुढे ही पद्धत सोडून वेग हा निकष आला. सहा वर्षांवरच्यांसाठीच्या गाडीचा वेग ताशी २४ किलोमीटरहून जास्त असता कामा नये, आणि कारखान्यातून ती १६ वर अडवूनच बाहेर पडते. दहा वर्षांवरच्यांसाठी हेच आकडे ४८ आणि २४. इंजिन कुठलंही असो. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं तर याहून कडक आहे: सोळा वर्षांखालच्यांनी एटीव्ही चालवूच नये. टू-स्ट्रोक तिथे मागे पडली ती मात्र २००६ पासून लागू झालेल्या प्रदूषणाच्या नियमांमुळे.

आपल्याकडे सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना ५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलचा. त्याआधी मूल कुठलीही मोटारगाडी सार्वजनिक रस्त्यावर नेऊ शकत नाही, आणि नेली तर मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकांना २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सोसायटीच्या गेटबाहेरचा 'फक्त कोपऱ्यापर्यंत'चा रस्ताही सार्वजनिकच.

गाडी बघायला जाल तेव्हा मागची चाकं उचलून टेकूवर ठेवा आणि इंजिन नुसतं चालू करा. अंगठा न लावता चाकं फिरत असतील तर आयडलिंग (इंजिनचा नुसतं चालू असतानाचा वेग) जास्त आहे किंवा क्लच चिकटतोय. अशी गाडी ब्रेक सोडताच पुढे सरकेल. थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवायचा खटका, अंगठ्याचाच हवा, मुठीने फिरवायचा नको, कारण मागे कलंडणारं मूल मूठ घट्ट धरून स्वतःकडे ओढतं आणि वेग आणखी वाढतो. थ्रॉटलच्या डबीवर अटकावाचा स्क्रू असतो, तो आहे का आणि आत वळवल्यावर अंगठा खरंच अर्ध्यावर थांबतो का, हे पाहा. पाठीमागे दोरीचा किल-स्विच (इंजिन तातडीने बंद करायचा) असेल तर ती दोरी ओढून इंजिन बंद होतं का तेही तिथेच, पैसे देण्याआधी तपासा.