लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलीसाठी ओतीव शिशाच्या गोळ्या: मागवण्यापूर्वी हे वाचा

अमेरिकेत राहणाऱ्या आणि घरी स्वतःची काडतुसे भरणाऱ्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी

"थर्टी-थर्टीसाठी ५०० गोळ्या पाठवा." आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मागण्या एवढ्याच असतात (थर्टी-थर्टी म्हणजे .३०-३० हे काडतूस). त्यावर आम्ही लगेच डबा पाठवत नाही, उलट विचारतो: तुमच्या नळीचे माप किती? काही ग्राहकांना हा खोळंबा वाटतो. पण ओतीव गोळीच्या बाबतीत बाकी सगळे या एका प्रश्नानंतर येते, म्हणून तो का विचारतो ते इथे सविस्तर लिहीत आहोत.

तांब्याचे आवरण असलेली गोळी थोडी सैल बसली तरी चालून जाते. शिशाची चालत नाही. ती नळीतल्या खाचा पूर्ण भरून बसली नाही, तर जळत्या दारूचा वायू तिच्या कडेने पुढे घुसतो, शिसे वितळवतो आणि ते नळीला फासले जाते. मग नेम बिघडतो आणि नळी घासण्यात संध्याकाळ जाते. अशा वेळी दोष "शिसे मऊ होते" म्हणून मिश्रधातूवर टाकला जातो आणि पुढच्या वेळी आणखी कडक गोळी मागवली जाते. कडक गोळी दाबाखाली फुलत नाही, त्यामुळे सैल असेल तर ती आणखी शिसे सोडते. आधी माप, मग कडकपणा, हा क्रम आम्ही कुणासाठीही बदलत नाही.

काडतुसाच्या नावावर जाऊ नका

.४४ मॅग्नमची गोळी ०.४४ इंचाची नसते. नळीतले खाचेचे माप ०.४२९ च्या आसपास असते आणि ओतीव गोळी बहुधा ०.४३० ते ०.४३२ ची लागते. .४४-४० हे विंचेस्टरच्या १८७३ च्या रायफलीचे काडतूस. त्याचे ठरलेले माप ०.४२७, पण आजच्या कित्येक रायफलींना त्याच नावाखाली ०.४२९ ची नळी असते. .३८-५५ मध्ये जुन्या आणि नव्या नळ्यांत याहूनही जास्त फरक सापडतो. .३५७ मॅग्नमला ०.३५८, .३०-३० ला ०.३०९ किंवा ०.३१० आणि .४५-७० ला ०.४५९ इथून सुरुवात करणे सहसा बरोबर ठरते. पण ही फक्त सुरुवात समजा. मार्लिनने १९५३ च्या सुमारास आणलेल्या मायक्रो-ग्रूव्ह नळीत खाचा पुष्कळ आणि उथळ असतात. "या नळीत शिसे चालतच नाही" असे तिच्याबद्दल सर्रास बोलले जाते. आमचे मत वेगळे आहे. थोडी जाड गोळी दिली की ती नळी चांगली चालते.

माप घेण्याची रीत सोपी आहे. रायफल रिकामी आहे आणि मॅगझिनची, म्हणजे काडतुसे साठवणारी, नळीही रिकामी आहे, हे दोनदा बघा. काडतुसे आणि दारू दुसऱ्या खोलीत ठेवा. नळीला आतून हलके तेल लावा. नळीपेक्षा किंचित मोठा, शुद्ध शिशाचा तुकडा घ्या (मासेमारीचे गोल शिसे चालते) आणि तो तोंडाकडून हळूहळू ठोकत आत न्या. सळई पितळी असू द्या. लाकडी काठी तिरपी चिरून नळीत अडकते. मार्लिनचा बोल्ट (नळी मागून बंद करणारा भाग) सहज निघतो, त्यामुळे काम सोपे होते. विंचेस्टर ९४ मध्ये ते कटकटीचे आहे, तिथे खोलाखोल न करता लिव्हर उघडा ठेवून तुकडा मागे काढून घ्या किंवा बंदूक-दुरुस्ती करणाऱ्याकडून माप घ्या. बाहेर आलेल्या तुकड्यावर खाचांनी उमटलेल्या उंचवट्यांमधले सर्वांत मोठे माप मायक्रोमीटरने घ्या. कॅलिपरवर भिस्त ठेवू नका, त्याची चूकच एक हजारांश इंचाची असू शकते आणि आपण नेमका तेवढाच फरक शोधत असतो.

आलेल्या मापापेक्षा ०.००१ ते ०.००२ इंच जास्त, ही तुमची गोळी. मात्र ती बसवल्यावर पुंगळीची (काडतुसाच्या पितळी कवचाची) मान फुगून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या काडतूस बसण्याच्या जागेत, अडत नाही ना, हे प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) आणि दारू न घालता भरलेल्या नकली काडतुसाने आधी तपासा. ते बोटाच्या दाबाने आत गेले पाहिजे.

टोक चपटेच हवे

बहुतेक लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलींत काडतुसे नळीखालच्या नळीत एकामागे एक बसतात. मागच्याचे टोक पुढच्याच्या प्रायमरला टेकलेले असते. अणकुचीदार गोळी असेल तर गोळी सुटतानाच्या धक्क्याने मॅगझिनमधलेच काडतूस उडू शकते. म्हणून या रायफलींसाठी आम्ही फक्त चपट्या टोकाच्या गोळ्या देतो. टोकदार साच्यातल्या कुणी आग्रहाने मागितल्या तरी देत नाही. विंचेस्टर १८९५, सॅव्हेज ९९ आणि ब्राउनिंग बीएलआर यांची मॅगझिन वेगळ्या रचनेची आहेत. तुमची रायफल यांपैकी असेल तर तसे कळवा.

गोळीवर क्रिंपसाठी, म्हणजे पुंगळीचे तोंड आत वळवण्यासाठी, खाच आहे का, तेही बघा. मॅगझिनची स्प्रिंग सतत दाबत असते. पुंगळीचे तोंड त्या खाचेत नीट वळवले नसेल तर गोळी आत ढकलली जाते आणि दाब धोकादायक वाढतो. खाचेची जागाही महत्त्वाची, कारण भरलेल्या काडतुसाची लांबी तिच्यावर ठरते. .३०-३० आणि .४५-७० या दोन्हींची कमाल लांबी २.५५० इंच आहे. १८७३ च्या धाटणीच्या रायफली तर लांबीबाबत फारच चोखंदळ असतात. थोडे लांब किंवा थोडे आखूड झाले की काडतूस अडते.

कडकपणा, गॅस चेक, वंगण

शुद्ध शिशाचा कडकपणा ब्रिनेल मापात सुमारे ५. वीस भाग शिसे आणि एक भाग कथील मिसळले की तो १० च्या आसपास जातो, अँटिमनी आणि कथील ५-५ टक्के घातले की १५ पर्यंत आणि छपाईच्या लायनोटाइप धातूत २२ पर्यंत. पिस्तुलाच्या काडतुसांसाठी आणि हळू वेगाच्या .४५-७० साठी १० ते १२ पुरते. .३०-३० पूर्ण वेगाने चालवायची असेल तर १५ च्या आसपास घ्या आणि बुडाला तांब्याची छोटी टोपी, म्हणजे गॅस चेक, असलेलीच घ्या. सेकंदाला १६०० ते १८०० फुटांच्या पुढे तिचा खरा उपयोग होतो. शिकारीसाठी अतिकडक गोळी टाळा. ती फुलत नाही, जखमी जनावर दूर निघून जाते, आणि ते कुणालाच नको असते.

वंगण मधमाश्यांच्या मेणाचे मऊ असले तर उत्तम. कडक रंगीत मेण वाहतुकीत टिकते, पण हळू वेगात नीट वितळत नाही. पावडर-कोट केलेल्या (रंगाच्या भुकटीचा लेप भाजून चढवलेल्या) गोळीला वंगण लागत नाही आणि धूरही कमी होतो. फक्त लेप चढल्यानंतरचे माप विचारा.

गोळी बसवण्याआधी पुंगळीचे तोंड किंचित रुंद करायला विसरू नका, नाहीतर नीट निवडलेल्या गोळीची कड खरवडून निघते.

दारूचे वजन आम्ही पत्रकात किंवा फोनवर सांगत नाही. ते छापील रिलोडिंग पुस्तकातूनच घ्या, आणि त्यातही ओतीव गोळीचे स्वतंत्र कोष्टक बघा. .४५-७० साठी पुस्तकांत रायफलीच्या ताकदीप्रमाणे वेगवेगळे विभाग असतात. १८७३ च्या ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्डला आधुनिक मार्लिनसाठीचे दारूचे माप घातले तर रायफल फुटू शकते.

कुठून आणि किती घ्यावे

आधी ५० किंवा १०० चा नमुना घ्या, आमच्याकडून असो वा दुसरीकडून. विक्रेत्याला व्यास, मिश्रधातू, कडकपणा, गॅस चेक आणि वंगण विचारा. जो "सगळ्यांना चालते" एवढेच सांगतो त्याच्याकडून घेऊ नका. गन शोमध्ये सुट्या पिशवीतल्या गोळ्या स्वस्त मिळतात, पण मायक्रोमीटर सोबत न्या. वजनाचाही हिशेब करा: १७० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) ५०० गोळ्या सुमारे १२ पौंड भरतात, ४०५ ग्रेनच्या ५०० जवळजवळ २९ पौंड. टपाल खर्च त्यावरच ठरतो, म्हणून जवळपास ओतकाम करणारा कुणी असेल तर तो आधी पाहा.

शिसे हाताळल्यावर हात साबणाने आणि थंड पाण्याने धुवा. त्या टेबलावर चहाचा कप ठेवू नका. पुंगळ्या साफ करताना उडणारी धूळ सर्वांत वाईट, कारण तिच्यात प्रायमरमधले शिसे असते. ते काम घराबाहेर करा. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांना या खोलीपासून लांबच ठेवा.

कायदा आणि प्रवास

हा भाग आपल्या लोकांसाठी मुद्दाम लिहिला आहे. अमेरिकेच्या फेडरल कायद्यानुसार एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसासारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना रायफल वा दारूगोळा बाळगता येत नाही. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. आणि त्या कायद्यात दारूगोळा म्हणजे फक्त तयार काडतूस नव्हे. सुटी गोळी, पुंगळी, प्रायमर आणि दारू हे सगळे त्यात येते. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण नाही. तुमची स्थिती स्पष्ट नसेल तर वकिलाला विचारल्यावरच मागणी नोंदवा, आम्ही थांबू.

कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कोणत्याही शिकारीसाठी शिशाची गोळी वापरता येत नाही. मेलेल्या जनावरांवर जगणाऱ्या कॉन्डर गिधाडांना शिशाची विषबाधा होत होती, हे त्यामागचे मोठे कारण. तिथल्या शिकारी ग्राहकांनी तांब्याच्या गोळ्या घ्याव्यात. त्या आम्ही बनवत नाही.

आम्ही भारतात माल पाठवत नाही. रेंजवर नेलेली बॅग किंवा जॅकेट भारताच्या प्रवासाला शक्यतो वापरू नका, आणि वापरलेच तर प्रत्येक खिसा उलटा करून बघा. अस्तरात राहिलेले एक काडतूसही मुंबई विमानतळावर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली पोलीस चौकशीला पुरेसे ठरते.