ट्रम्पेटची झळाळी आणि तबकडीची खरखर

बिग बँडची, म्हणजे मोठ्या जॅझ वाद्यवृंदांची, जुनी ध्वनिमुद्रणं नव्याने साफ होऊन येतात, तेव्हा कान आधी ट्रम्पेटकडे जातो. बास किंवा सॅक्सोफोनचं बरंवाईट ठरवायला थोडा वेळ लागतो. ट्रम्पेटचं पहिल्या चार सुरांत कळतं. त्याची झळाळी वरच्या कंप्रतेच्या उपस्वरांत असते आणि मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीची खरखरही नेमकी तिथेच बसलेली असते. खरखर पुसायला गेलं की झळाळीला हात लागतो. रीमास्टरिंगचा, म्हणजे या साफसफाईचा, सगळा इतिहास मला या एका अडचणीभोवती फिरताना दिसतो.

सुरुवात मायक्रोफोनच्या आधीची. १९२३ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, रिचमंड गावी, किंग ऑलिव्हरच्या बँडचं ध्वनिमुद्रण झालं ते कर्ण्यासमोर उभं राहून. हवेच्या दाबाने सुई हलायची आणि मेणावर चर कोरला जायचा. तरुण लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट (ट्रम्पेटचाच भाऊबंद) इतका दणदणीत होता, की त्याला इतरांपासून लांब उभं केलं होतं, अशी आठवण बँडच्या पियानोवादक लिल हार्डिन यांनी सांगितली आहे. या पद्धतीत साधारण २,५०० हर्ट्झच्या वरचं फारसं काही नोंदलंच जात नसे. १९२५ मध्ये व्हिक्टर आणि कोलंबिया या कंपन्यांनी वेस्टर्न इलेक्ट्रिकची विद्युत पद्धत स्वीकारली आणि ही मर्यादा ५,००० हर्ट्झच्या आसपास गेली. बिग बँड भरात येईपर्यंत त्यात आणखी सुधारणा झाल्या. जे मुळात कोरलंच गेलं नाही ते परत आणता येत नाही. पण जे कोरलं गेलं आणि पुढे वाईट प्रतींमुळे, झिजलेल्या चरांमुळे दबलं, ते बाहेर काढता येतं.

तबकडीच्या खरखरीत आपल्याकडचाही माल आहे. जगभरच्या तबकड्यांना लागणारी लाख मुख्यतः भारतातून जायची. लाखेत दगडाची बारीक भुकटी मिसळत, कारण पोलादी सुईखाली तबकडी टिकायला हवी. त्या भुकटीचीच खरखर आपण ऐकतो. महायुद्धात लाखेची आयात अडली आणि १९४२ मध्ये अमेरिकेत तिच्या वापरावर मोठी कपात आली. त्यातच १ ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. काही कंपन्यांशी तो १९४३ मध्ये मिटला, व्हिक्टर आणि कोलंबियाशी नोव्हेंबर १९४४ मध्ये. स्विंगच्या, म्हणजे बिग बँडच्या नाचऱ्या जॅझच्या, ऐन बहरातला हा काळ आज ऐकू येतो तो मुख्यतः रेडिओवरची मुद्रणं आणि सैनिकांसाठी काढलेल्या व्ही-डिस्क यांच्यामुळे.

रीमास्टरिंगमध्ये सगळ्यात मोठं काम यंत्राचं नसतं, मूळ प्रत शोधण्याचं असतं. १६ जानेवारी १९३८ ची न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधली, क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या बँडची मैफल घ्या. ट्रम्पेटच्या रांगेत हॅरी जेम्स, झिगी एल्मन आणि ख्रिस ग्रिफिन. पाहुण्यांत ड्यूक एलिंग्टनच्या बँडमधले कूटी विल्यम्स आणि काउंट बेसीच्या बँडमधले बक क्लेटन, दोघेही ट्रम्पेटवादक. मंचावर टांगलेल्या एका मायक्रोफोनचा आवाज तारेवरून स्टुडिओत नेऊन तिथे तबकड्यांवर कोरला गेला. त्या तबकड्या पुढे गुडमन यांच्या घरात पडून राहिल्या आणि १९५० मध्ये, टेपवर उतरवून, त्यांची एलपी निघाली. १९९९ मध्ये जॅझचे अमेरिकन अभ्यासक फिल शाप यांनी टेप बाजूला ठेवून मूळ तबकड्या गाठल्या. त्यांनी खरखर जवळजवळ तशीच राहू दिली, म्हणून अनेक श्रोते नाराज झाले. मला ती आवृत्ती प्रिय आहे. हॅरी जेम्सच्या सुराला तिथे कड आहे, आणि ती ऐकू आली की खरखरीकडे लक्ष जात नाही.

त्याच वर्षी शाप यांनी ड्यूक एलिंग्टनची ७ जुलै १९५६ ची न्यूपोर्ट जॅझ महोत्सवातली रात्रही सोडवली. सॅक्सोफोनवादक पॉल गोन्साल्व्हेस यांनी त्या रात्री सलग २७ आवर्तनं वाजवली, पण एलपी काढणाऱ्या कोलंबियाच्या नव्हे, व्हॉइस ऑफ अमेरिका या सरकारी रेडिओच्या मायक्रोफोनसमोर. त्यामुळे त्या एलपीत ते दूरचे वाटायचे, आणि एलपीचा बराच भाग तर नंतर स्टुडिओत वाजवून घेतलेला होता. व्हॉइस ऑफ अमेरिकाची टेप सापडल्यावर शाप यांनी दोन वेगळ्या मोनो टेप जुळवून स्टिरिओ उभा केला.

यंत्रांची गोष्ट १९८० च्या दशकातली. ब्रिटनमध्ये सीडर आणि अमेरिकेत नो-नॉइज या संगणकीय पद्धती आल्या आणि कंपन्यांनी त्या हात राखून वापरल्या नाहीत. एलिंग्टनच्या १९४० ते १९४२ च्या बँडचा संच १९८६ मध्ये सीडीवर आला तेव्हा तो स्वच्छ होता, पण आवाज मिटल्यासारखा. रसिकांनी तशी तक्रार केली. याच संचात 'कॉन्चेर्तो फॉर कूटी' आहे. ट्रम्पेटच्या तोंडाशी रबरी वाटी धरून कूटी विल्यम्स एकाच सुराला गुरगुरायला, कुजबुजायला आणि मग मोकळा गायला लावतात. ती गुरगुर आणि तबकडीची खरखर यांतला फरक फिल्टरला कळत नाही. २००३ मध्ये तीच मुद्रणं नव्याने निघाली आणि त्या गुरगुरीत पुन्हा प्राण आला.

याउलट इंग्लंडचे जॉन आर. टी. डेव्हिस. ते स्वतः वादक होते. वेगवेगळ्या जाडीच्या सुया लावून ते चराचा न झिजलेला भाग शोधत, आणि टेपवर एखादा टिक् आवाज आला तर तेवढ्याच जागेचा चुंबकीय थर पात्याने खरवडत. बाकीच्या संगीताला धक्का नाही. माझ्या मते या कलेचा खरा धडा त्यांच्याकडेच आहे.

मुंबईतही हे संगीत वाजत होतं. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात पियानोवादक टेडी वेदरफर्ड आणि ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ यांच्यासारखे अमेरिकन कृष्णवर्णीय कलाकार आले, आणि त्यांना ऐकत गोव्याची एक पिढी तयार झाली. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, त्यांतला सर्वांत तेजस्वी. लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. आपल्या सी. रामचंद्रांच्या संगीतात जी ब्रासची उसळी आहे तिच्यामागे तो आहे. १९५१ च्या 'अलबेला'त त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. सिनेमाची गाणी पुन्हापुन्हा निघाली. त्याच्या जॅझच्या तबकड्यांवर डेव्हिस यांच्यासारखा हात फिरायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं चालतो, त्यामुळे चिकच्या काळातल्या तबकड्यांना आता ती अडचण नाही. युरोपात १९६३ पूर्वीची मुद्रणं ५० वर्षांतच मोकळी झाली आणि म्हणून तिथल्या छोट्या कंपन्यांनी स्विंगचे इतके संच काढले. अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने मुदत ठरवून दिली, पण ती लांबच आहे: रिचमंडची १९२३ ची मुद्रणं १ जानेवारी २०२४ ला मोकळी झाली, तर ट्रम्पेटवादक बनी बेरिगनच्या १९३७ च्या तबकड्यांना २०३८ उजाडावं लागेल.