कॉन्स्टिट्यूशन फ्रिगेटचा लाकडी संच (1:96) : जोडणीला बसण्याआधी वाचावे

या संचातून तयार होणारे जहाज, म्हणजे अमेरिकन नौदलाची कॉन्स्टिट्यूशन ही फ्रिगेट (शिडांची वेगवान युद्धनौका), आजही पाण्यावर आहे. बॉस्टनच्या चार्ल्सटाउन गोदीत ते पाहता येते आणि त्यावर अमेरिकन नौदलाचे खलाशी नेमणुकीवर असतात. मॉडेल करणाऱ्याची पहिली अडचण इथेच सुरू होते. इंटरनेटवर सापडणारे बहुतेक फोटो आजच्या जहाजाचे असतात आणि दोनशे वर्षांच्या दुरुस्त्यांनंतर ते 1812 सारखे राहिलेले नाही. म्हणून कुठल्या वर्षाची कॉन्स्टिट्यूशन बांधायची हे गोंदाची बाटली उघडण्याआधी ठरवा. संचातले सुटे भाग ऑगस्ट 1812 धरून केलेले आहेत.

त्या महिन्याच्या 19 तारखेला, अमेरिका आणि ब्रिटन यांच्या युद्धात, कॅप्टन आयझॅक हल याच्या हुकमतीखाली तिने ब्रिटिशांची गेरियेर ही फ्रिगेट फोडली. तोफांचे गोळे तिच्या कुशीवर आपटून मागे फिरताना पाहून खलाशांनी तिला ‘ओल्ड आयर्नसाइड्स’ म्हटले ते या लढाईपासून. प्रत्यक्षात कुशीत लोखंड नव्हतेच. आत आणि बाहेर व्हाइट ओकच्या फळ्या, मध्ये जॉर्जियाच्या किनाऱ्यावरून आणलेल्या लाइव्ह ओकच्या फासळ्या आणि या फासळ्या एकमेकींना जवळजवळ खेटून बसवलेल्या, असे ते बांधकाम होते. एकूण जाडी सुमारे 21 इंच, म्हणजे मॉडेलच्या 1:96 मापात साडेपाच मिलिमीटर. शिवाय तिच्या मुख्य तोफा 24 पौंडी होत्या, गेरियेरच्या 18 पौंडी. एका गोळ्यामागे जवळपास पावणेतीन किलोचा फरक पडतो.

वर्षाप्रमाणे काय बदलते

नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, सुरुवातीला हर्क्युलिसचा पुतळा होता. सप्टेंबर 1804 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या त्रिपोलीच्या मोहिमेत प्रेसिडेंट या अमेरिकेच्याच जहाजाशी टक्कर होऊन तो फुटला. 1812 च्या जहाजाला त्या जागी नुसते कोरीव वळण आहे आणि संचात तेच दिले आहे. अध्यक्ष जॅक्सन यांचा पुतळा 1834 चा, तो या मॉडेलवर लावू नका. तोफांच्या खिडक्यांवरून जाणारा पट्टा आज पांढरा दिसतो, 1812 साठी तो पिवळ्या मातीच्या रंगाचा ठेवा. शंका आली तर हल याला त्याच्याच खलाशांनी त्या वर्षी करून दिलेले मॉडेल पाहावे. ते सेलममधल्या पीबडी एसेक्स संग्रहालयात आहे आणि जहाजावर रोज वावरणाऱ्या हातांनी केलेले असल्यामुळे नंतरच्या कोणत्याही चित्रापेक्षा आम्ही त्याला जास्त मान देतो.

पूर्ण झाल्यावर जहाजाचा सांगाडा 648 मिलिमीटर लांब आणि 138 मिलिमीटर रुंद होतो. मधल्या डोलकाठीची उंची 698 मिलिमीटर भरते. जागा आधी मोजून घ्या, कारण पुढे निघालेला दांडा आणि बाहेर आलेली परबाणे (शिडांचे आडवे दांडे) या मापांत धरलेली नाहीत.

कणा वाकला की सगळे वाकले

सगळ्यात जास्त तक्रारी इथून येतात. कण्याची 4 मिलिमीटरची प्लाय जाड काचेवर आडवी ठेवा आणि एका डोळ्याने बघा. कागद सरकेल एवढी जरी फट दिसली तरी ती आताच काढा : दोन्ही बाजूंनी ओलसर फडके फिरवा, काचेवर ठेवून वजन द्या आणि दोन दिवस हलवू नका. आडवे सापळे बसवताना प्रत्येकाला गुण्या लावा.

खऱ्या जहाजालाही हाच आजार होता. मधला भाग रुंद असल्यामुळे पाणी त्याला जास्त उचलते. दोन्ही टोके निमुळती, त्यांना आधार कमी, त्यामुळे ती खाली ओढली जातात आणि कणा मध्ये उंचावतो. रचनाकार जोशुआ हम्फ्रीज याने त्यासाठी पोटात तिरके ओंडके घातले होते, म्हणजे भार टोकांकडून कण्याकडे उतरावा. पुढच्या दुरुस्त्यांत ते काढले गेले आणि कण्याचा बाक फुटाहून अधिक झाला. 1992 ते 1995 च्या गोदीकामात ते ओंडके परत बसवले तेव्हा जहाज सरळ झाले. संचातल्या आठ तिरक्या पट्ट्या म्हणूनच दिल्या आहेत. डेक बसल्यावर त्या दिसत नाहीत, तरी वगळू नका.

पहिल्या थराच्या पाइनच्या पट्ट्या 5 मिलिमीटर रुंद आहेत. एक पट्टी डावीकडे लावली की पुढची उजवीकडे लावा. एक बाजू आधी उरकली तर सुकताना ती कण्याला आपल्याकडे ओढते आणि तो पीळ नंतर निघत नाही. नाळेशी पट्ट्या निमुळत्या कराव्या लागतात, आणि किती, ते मोजून ठरते. मधल्या सापळ्यावर कागदाची पट्टी टेकवून अर्धा घेर घ्या, समजा 150 मिलिमीटर आला, तर 30 पट्ट्या बसतील. नाळेशी घेर 90 आला तर प्रत्येक पट्टीला तिथे 3 मिलिमीटर मिळतात. अर्ध्याहून कमी रुंदी निघत असेल तर पट्टी तासू नका, दोनांची एक करा. वाकवण्याआधी पट्ट्या कोमट पाण्यात वीस मिनिटे ठेवा, टाचण्यांनी जागेवर धरा, रात्रभर सुकू द्या आणि मगच पांढरा गोंद लावा. ओल्या पट्टीला गोंद लावला की सुकल्यावर फटी पडतात. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे काम टाळलेले बरे. पावसाळ्यात घट्ट बसलेली पट्टी डिसेंबरमध्ये आकसते. दुसरा थर हेदूचा आहे. त्याचे रेषे बारीक असल्यामुळे या मापाला तो शोभतो, सागाचे रेषे इथे फार ठळक दिसतात.

तांबे

पाण्याखालच्या भागाला तांब्याची चिकटपट्टी आहे, प्रत्येक तुकडा 3.7 बाय 12.7 मिलिमीटर. सुरुवात पिछाडीकडून करून नाळेकडे या, म्हणजे पुढचा तुकडा मागच्यावर चढतो आणि पाण्याच्या धारेला उघडी कड मिळत नाही. सुती हातमोजे घालाच, कारण घामाचे ठसे महिन्याभरात काळे पडतात.

या तांब्याचा मुंबईशीही संबंध आहे. 29 डिसेंबर 1812 रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यापलीकडे कॉन्स्टिट्यूशनने जावा ही ब्रिटिश फ्रिगेट पाडाव केली. जावा पूर्वेकडे निघाली होती आणि तिच्या पोटात मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबाच्या हाताखाली तयार होत असलेल्या कॉर्नवॉलिस या सागवानी युद्धनौकेसाठी तांब्याचे पत्रे होते. ते मुंबईला पोहोचलेच नाहीत. जावावर मुंबईला रुजू व्हायला निघालेला लेफ्टनंट जनरल थॉमस हिस्लॉपही होता. या युद्धात पुन्हा न लढण्याच्या वचनावर कैदेतून सुटलेला हा हिस्लॉप म्हणजे 21 डिसेंबर 1817 रोजी महिदपूरला होळकरांच्या फौजेसमोर उभा राहिलेला इंग्रज सेनापती. कॉर्नवॉलिस 1813 मध्ये पाण्यात उतरली आणि एप्रिल 1815 मध्ये तिने अमेरिकेच्या हॉर्नेट या युद्धनौकेचा दोन-तीन दिवस पाठलाग केला. हॉर्नेटने तोफा समुद्रात टाकून वजन उतरवले तेव्हाच ती निसटली.

जावाशी लढताना कॉन्स्टिट्यूशनचे सुकाणूचे चाक गोळ्याने उडाले. हलच्या जागी आलेला कॅप्टन बेनब्रिज स्वतः जखमी असताना खालच्या मजल्यावर माणसे दोर ओढून सुकाणू फिरवत होती आणि हुकूम वरून ओरडून पोहोचवले जात होते. नंतर जावाचेच चाक काढून इथे बसवले. मॉडेलमध्ये चाकापासून खाली जाणारे दोन दोर तेवढ्यासाठी नीट ओवा, नुसते चाक चिकटवून सोडू नका.

दोर

जुन्या आराखड्यांत दोरखंडाचा आकडा घेराचा असतो, व्यासाचा नव्हे. 10 इंची दोर म्हणजे 3.2 इंच व्यास, मॉडेलच्या मापात 0.84 मिलिमीटर. घेर हाच व्यास समजून घेतलेला दोरा तिप्पट जाड होतो आणि डोलकाठ्या बारीक दिसू लागतात. डोलकाठी धरून ठेवणारे दोर डांबर लावलेले, म्हणून काळे. शिडे हलवणारे दोर फिकट तपकिरी. दोरा मधमाशीच्या मेणावरून दोनदा ओढून घ्या, तंतू बसतात. डोलकाठीचे दोर बांधताना उजवीकडची पुढची जोडी, मग डावीकडची, असे आलटून पालटून चढवा आणि दर वेळी काठी ओळंब्याला आहे का ते पाहा. चढण्याच्या आडव्या दोऱ्यांमध्ये 4 मिलिमीटर अंतर ठेवा.

निशाण शेवटी. 1795 ते 1818 या काळात अमेरिकेच्या निशाणावर 15 तारे आणि 15 पट्टे होते, संचातले कापडही तसेच आहे. पातळ केलेल्या गोंदात बुडवा, पेन्सिलीभोवती सैल गुंडाळून घड्या पाडा आणि सुकल्यावर पिछाडीला बांधा.