देणगीदार शोध

देणगीदार शोध : स्वयंसेवी संस्थेच्या कामाला पैसा देऊ शकतील अशा व्यक्ती, न्यास, कंपन्या आणि परदेशी निधीसंस्था हुडकणे, त्यांनी आजवर कोणाला, किती व कशासाठी दिले हे तपासणे आणि त्यावरून कोणाकडे काय मागायचे ते ठरवणे. निधी संकलनाच्या आधीचा हा टप्पा. कार्यकर्त्यांच्या बोलण्यात याला ‘फंडर शोधणे’ म्हणतात. त्यातून नाव-पत्ता मिळवणे एवढाच अर्थ निघतो, आणि नाव-पत्ता मिळवणे हा या कामातला सगळ्यांत सोपा भाग असतो.

संभाव्य देणगीदाराची पारख साधारणपणे तीन गोष्टींवरून होते : ऐपत, आस्था आणि ओळख. नवख्या संस्था ऐपतीपाशीच थांबतात. शहरातल्या बड्या उद्योजकांची यादी करून सगळ्यांना एकच पत्र धाडले जाते आणि उत्तर आले नाही की ‘लोकांना द्यायची दानतच नाही’ असा निष्कर्ष निघतो. अनुभवी माणूस आधी जुन्या देणग्या पाहतो. ज्याने तीन वर्षे फक्त शाळांच्या इमारतींना पैसा दिला, तो चौथ्या वर्षी कार्यकर्त्यांच्या मानधनाला देईल ही शक्यता कमीच.

महाराष्ट्रात ही विद्या नवी नाही. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेत गेल्या, गावोगावी व्याख्याने दिली, आणि १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. जागोजागच्या ‘रमाबाई सर्कल्स’नी दहा वर्षे मदत देण्याची हमी घेतली. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन हे विधवांसाठीचे निवासी विद्यालय सुरू झाले. तेथे धर्मप्रसार होणार नाही, असे ठरले होते. १८९३ मध्ये मुलींना ख्रिस्ती वळण लावले जात असल्याचा आरोप होऊन रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाहेर पडले. पैसा दूरदेशीचा आणि विश्वास घरचा, अशी दोन टोके सांभाळणे किती अवघड असते याचे हे बोलके उदाहरण आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये काढलेल्या महिला विद्यापीठाला १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये देऊ केले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव लागले. देणगीमागे बहुधा एखादी आठवण असते, आणि ती कोणाची हे कळले की मागणीचे स्वरूप बदलते. याच्या अगदी उलट वाट पैसा फंडाची : माणशी एक पैसा गोळा करत या फंडाने तळेगावात काच कारखाना उभा केला.

आजच्या शोधात सर्वाधिक वेळ कंपन्यांवर जातो. कंपनी अधिनियम, २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. लगतच्या मागील आर्थिक वर्षात ५०० कोटी रुपये निव्वळ मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक निकष गाठणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. बोलीभाषेत हाच ‘सीएसआर’. कोणते काम चालते हे कायद्याच्या सातव्या अनुसूचीत दिले आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर सीएसआर धोरण, समितीची रचना आणि मंजूर प्रकल्प जाहीर करणे बंधनकारक आहे, तर राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर कंपनीनिहाय, राज्यनिहाय व क्षेत्रनिहाय खर्च पाहता येतो. धोरणाची भाषा सगळ्यांची सारखीच गोड असते. म्हणून धोरण चाळावे आणि प्रकल्पांची यादी मात्र ओळ न् ओळ वाचावी.

कंपनीने आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. त्यामुळे चाकण, रांजणगाव, वाळूज किंवा बुटीबोरीच्या आसपास काम करणाऱ्या संस्थेला एमआयडीसीतल्या कारखान्यांची यादी हीच पहिली शोधयादी ठरते. भामरागड किंवा धडगावच्या संस्थेला हे दार सहज उघडत नाही. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव हे नीती आयोगाच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिल्याने खास लक्ष दिल्या जाणाऱ्या, जिल्ह्यांत आहेत. या मुद्द्यावर मुंबईतल्या मुख्यालयाशी बोलता येते, कारखान्याशी नाही.

वेळही पाहावी लागते. चालू प्रकल्पाशी न जोडलेली अखर्चित रक्कम वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत सातव्या अनुसूचीत नमूद केलेल्या एखाद्या निधीत (उदा. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी) भरावी लागते, म्हणून जानेवारी ते मार्च या काळात सीएसआर विभागांची धावपळ उडते. ज्या संस्थेचा सीएसआर-१ (सीएसआरचा पैसा घेण्यासाठी लागणारा) नोंदणी क्रमांक, १२ए व ८०जी (अनुक्रमे संस्थेला व देणगीदाराला आयकर सवलत देणारी) प्रमाणपत्रे आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल हाताशी तयार असतात, तिला या धावपळीचा लाभ होतो. बाकीच्यांची चर्चा ‘पुढच्या वर्षी बघू’वर थांबते.

न्यासांची तऱ्हा वेगळी. सर रतन टाटा ट्रस्ट (१९१९) व सर दोराबजी टाटा ट्रस्ट (१९३२) यांच्यासारखे जुने न्यास विषय ठरवून, अनेक वर्षांच्या आराखड्याने अनुदान देतात. काही देवस्थान न्यास वैद्यकीय मदत थेट रुग्णाला देतात. तेथे संस्थेने प्रकल्प-प्रस्ताव पाठवणे म्हणजे चुकीच्या खिडकीपुढे रांग लावणे. रोटरीचे जागतिक अनुदान हवे असेल तर दोन देशांतले क्लब सोबत लागतात आणि प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा असावा लागतो. या अटी आधी वाचल्या तर कित्येक आठवडे वाचतात.

परदेशी पैशाचा शोध सुरू करण्यापूर्वी संस्थेने स्वतःचीच पात्रता तपासावी. परदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० म्हणजेच ‘एफसीआरए’खालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय असा पैसा घेता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच यावा लागतो, दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे. मोठ्या संस्थेच्या आधाराने छोट्या संस्थांपर्यंत पैसा पोहोचण्याची जुनी वाट त्यामुळे बंद झाली. अमेरिकेतील खासगी न्यासांना आपल्या अनुदानांची यादी करविवरणपत्रात द्यावी लागते आणि ती सर्वांना पाहता येते. भारतात मात्र परदेशी देणग्यांची माहिती दर तिमाहीला जाहीर करण्याची अट २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली, आणि शोधकर्त्यांचा एक उपयुक्त झरा आटला. अनिवासी मराठी माणसांपर्यंत पोहोचण्यासाठी अमेरिकेतील महाराष्ट्र फाउंडेशन हे जुने, परिचित नाव आहे.

व्यक्तिगत देणगीदारांचा शोध घराबाहेर सुरू करण्याची गरज नसते. संस्थेची जुनी पावतीपुस्तके उघडली तर एखाद्या महिन्याच्या ठरावीक तिथीला वर्षानुवर्षे येणारे पाचशे रुपये, त्यामागचे ‘कै.’, पंच्याहत्तरीनिमित्त आलेली रक्कम, ‘आहेर नको’ म्हणून वळवलेला पैसा, असे सगळे दिसू लागते. पितृपक्षात पुण्यात भरणारे ‘देणे समाजाचे’ हे प्रदर्शन आणि गणेशोत्सवात संस्थांची ओळख करून देणारा ‘लोकसत्ता’चा ‘सर्वकार्येषु सर्वदा’ हा उपक्रम याच मानसिकतेवर उभे आहेत. ८०जी सवलतीसाठी देणगीदारांचे तपशील अर्ज १०बीडीमध्ये आयकर खात्याला द्यावे लागू लागल्यापासून तर ही यादी संस्थेकडे आयतीच तयार असते. ती फक्त सीएच्या संगणकात पडून राहते, ही रड जवळपास सार्वत्रिक आहे.

मिळालेली माहिती एका तक्त्यात ठेवली जाते : नाव, पूर्वीच्या देणग्या, विषय, जिल्हा, निर्णय कोण घेतो, मध्यस्थ ओळखीचा कोण, शेवटचे बोलणे कधी झाले. विश्वस्तांच्या बैठकीत ही नावे एकदा मोठ्याने वाचली, तर कोणाचा तरी वर्गमित्र किंवा व्याही त्यात निघतोच. नकार आला तर त्याचे कारणही त्याच ओळीत लिहितात. सीएसआर प्रमुख बदलला की जुना नकार पुन्हा तपासण्याजोगा होतो.

कोणाचा पैसा घ्यायचा नाही, हेही याच टप्प्यावर ठरते. व्यसनमुक्तीचे काम करणारी संस्था मद्य किंवा तंबाखू उत्पादकाचे नाव यादीत येताच खोडते; खाणीविरुद्ध उभ्या गावात काम करणाऱ्या संस्थेला खाण कंपनीच्या देणगीची किंमत गावाच्या विश्वासाने मोजावी लागते. असे निर्णय विश्वस्तांच्या ठरावात आधीच नोंदवलेले बरे, कारण धनादेश टेबलावर आल्यावर तत्त्वे लवचीक होतात. व्यक्तींची माहिती गोळा करतानाही मर्यादा आहेत. जाहीर कागदपत्रांत असलेले वाचणे आणि कोणाच्या घरगुती व्यवहारांची चौकशी करणे यांत अंतर आहे, आणि देणगीदारांची यादी दुसऱ्या संस्थेला परस्पर देणे ही आता नुसती असभ्यता राहिलेली नाही : डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ अशा माहितीच्या वापरासाठी सर्वसाधारणपणे संबंधित व्यक्तीची संमती मागतो.