पासवर्ड बोटात की डोक्यात?

गुन्हेगाराचं मन वाचायचं तर त्याला खुर्चीत बसवून बोलतं करायचं, ही समजूत आपल्याकडे बराच काळ टिकली. २००८ साली पुण्यातल्या एका विषप्रयोगाच्या खटल्यात मेंदूची चाचणी पुरावा म्हणून पुढे आली. आरोपीच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावायचे, 'मी आर्सेनिक विकत घेतलं' अशी वाक्यं एकामागून एक ऐकवायची आणि 'अनुभवाची आठवण' उमटते का ते पडद्यावर पाहायचं. आरोपीने तोंडही उघडायची गरज नाही.

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे थांबवलं. संमतीशिवाय नार्को (औषधाची सुई देऊन बोलतं करणं), ब्रेन मॅपिंग (वर सांगितलेली मेंदूची चाचणी), पॉलिग्राफ (खोटं पकडायची चाचणी) करायचं नाही, आणि संमती असली तरी चाचणीचा निकाल हा पुरावा नव्हे. तपासाचे हात बांधले गेले, अशी ओरड तेव्हा झाली. मला उलट वाटतं. या निकालानंतर मानसशास्त्राला आरोपीच्या डोक्यातून बाहेर पडून हार्ड डिस्ककडे वळणं भाग होतं. माणूस किती वाजता लॉगिन करतो, आधी काय पुसतो, कोणतं टोपणनाव पुन्हा वापरतो, हे लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या आपोआप होणाऱ्या नोंदींत, राहतंच, आणि त्यासाठी कुणाला सुई टोचावी लागत नाही.

पुण्याच्याच एका सहकारी बँकेवरचा २०१८ चा हल्ला पाहा. ११ ऑगस्ट, शनिवार. सर्व्हरमध्ये शिरलेले कोण होते ते दूरच राहिले. क्लोन कार्ड, म्हणजे खऱ्या कार्डाची बनावट नक्कल, घेऊन एटीएमसमोर उभी राहिलेली माणसं मात्र सीसीटीव्हीत दिसली. गेले एकूण ९४ कोटी. सुट्टीचा दिवस हेरणारं डोकं वेगळं आणि कमिशनसाठी रांग लावणारं वेगळं. दोघांना एकाच 'प्रोफाइल'मध्ये, म्हणजे गुन्हेगाराच्या स्वभावचित्रात, कोंबलं की तपास भरकटतो.

खरा गुंता आता फोनच्या कुलपाचा आहे. स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायची सक्ती नको, असं राज्यघटनेचं कलम २०(३) सांगतं. पण १९६१ मध्ये अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने बोटांचे ठसे आणि हस्ताक्षराचे नमुने या संरक्षणाबाहेर ठेवले. मग अंगठ्याने उघडणारा फोन म्हणजे ठसा, आणि सहा आकड्यांनी उघडणारा म्हणजे साक्ष? २०२१ मध्ये कर्नाटकातल्या उच्च न्यायालयाने पासवर्ड देणं म्हणजे साक्ष नव्हे असं म्हटलं. २०२२ मध्ये दिल्लीतल्या एका विशेष न्यायालयाने पासवर्ड ही आरोपीच्या डोक्यातली माहिती ठरवून सक्ती नाकारली. २०१० च्या निकालाचा गाभा मला दुसऱ्यात जास्त दिसतो.

१ जुलै २०२४ पासूनच्या साक्ष कायद्यात इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रावर हॅश, म्हणजे डेटा बदलला की बदलणारा त्याचा डिजिटल ठसा, नोंदवावा लागतो. पण हॅश काढायलाही आधी फोनमधला डेटा हाती यावा लागतो. तोवर पंचनाम्यात एवढंच लिहिलं जातं: मोबाइल एक, लॉक असलेला.