झाडांच्या कामात शिरायचंय? सोलापूरच्या मुलामुलींसाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

शहरातली झाडं लावणं, जगवणं आणि शास्त्रशुद्ध छाटणं हे शिकून करायचं काम आहे. १९७५ च्या राज्याच्या वृक्ष कायद्यानुसार महापालिकेला वृक्ष प्राधिकरण ठेवावं लागतं, वृक्षगणना करावी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावून ती ७ वर्षं सांभाळायची आहेत. सोलापूरच्या उन्हात ती जगवायला जाणकार हात लागणारच. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या किंवा यंत्रमाग कामगाराच्या घरातल्या मुलामुलींनी यात यावं, असं मला मनापासून वाटतं.

दहावी पास असाल तर आयटीआय हा सरळ रस्ता. ‘हॉर्टिकल्चर’ (बागायती) आणि ‘फ्लोरिकल्चर अँड लँडस्केपिंग’ (फुलशेती आणि बागांची रचना) हे ट्रेड एकेका वर्षाचे आहेत. वय किमान १४, वरची अट नाही. ट्रेड कुठल्या आयटीआयत आहे ते प्रवेशाच्या पोर्टलवर आधी बघा. शहरात नसेल तर वसतिगृहाची सोय असलेलं जवळचं आयटीआय निवडा. दहावीच्या निकालानंतर अर्ज ऑनलाइन भरायचा, मग मूळ कागद घेऊन आयटीआयत जाऊन तो निश्चित करून घ्यायचा, त्यानंतर विकल्प, म्हणजे कुठलं आयटीआय आणि कुठला ट्रेड हवा याची पसंती, भरायची. नेट कॅफेत फॉर्म भरून पावती घेतली म्हणजे झालं, असं समजून अनेक मुलं घरी बसतात. अर्ज निश्चित झाला नाही तर गुणवत्ता यादीत नाव येत नाही.

आई किंवा वडील विडी कामगार असतील तर कामगाराच्या ओळखपत्रावर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरून आयटीआयसाठी वर्षाला ६,००० रुपयांची शिष्यवृत्ती मागता येते. ती सोडू नका. कोर्स संपल्यावर अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करा, म्हणजे विद्यावेतन घेत काम शिकता येतं.

बारावी झालेल्यांना वनरक्षक भरती आहे. विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय बारावीला हवा. अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना दहावी चालते. उंची पुरुषांची १६३ सेंमी आणि स्त्रियांची १५० सेंमी (अनुसूचित जमातीसाठी सवलत आहे). धावणं पुरुषांना ५ किमी, स्त्रियांना ३ किमी. वयाची अट जाहिरातीतच वाचा. धावण्याचा सराव मात्र जाहिरातीची वाट न बघता सुरू करा.

आता कागदपत्रं. गाडी अडते ती इथेच. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, आधार जोडलेलं बँक खातं, अधिवास प्रमाणपत्र, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आणि आरक्षण घ्यायचं असेल तर जातीचा दाखला व लागू असल्यास नॉन-क्रिमीलेअर.

पूर्व भागातल्या तेलुगू घरांत हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे आडनाव दाखल्यावर आधी तर आधारवर शेवटी, आणि बँकेतलं स्पेलिंग तिसरंच. दहावीची गुणपत्रिका प्रमाण माना आणि आधार त्याप्रमाणे करून घ्या. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून केंद्रावर एकेक अक्षर वाचूनच अंगठा द्या. मग बँक.

जातीच्या दाखल्याला वेळ लागतो. पद्मशाली समाज विशेष मागास प्रवर्गात येतो आणि त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा लागतो. अनुसूचित जातीला ही तारीख १० ऑगस्ट १९५० आहे, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१. आजोबा शाळेत गेले असतील तर त्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मागा. ते गेले नसतील तर त्यांच्या भावंडांचा शोधा, किंवा महापालिकेच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदी बघा. वडिलांकडच्या नातलगाला हा दाखला आधीच मिळाला असेल तर त्याची प्रत आणि वंशावळ जोडा, काम बरंच सोपं होतं.

अर्ज सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’वरून करता येतो, आणि दाखला प्रांताधिकारी देतात. हे काम दहावीचं वर्ष सुरू होतानाच हाती घ्या. निकालानंतर सेतूवर झुंबड उडते.

शिक्षण अर्धवट राहिलंय पण नर्सरीत किंवा बागेत काम करताय? मग कौशल्य विकास योजनेत पूर्वानुभवाची परीक्षा घेऊन माळीकामाचं प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे. जवळच्या केंद्रात आधार आणि बँक पासबुक घेऊन चौकशी करा.