पुण्यातलं संशोधन

लॉ कॉलेज रोडच्या परिसरात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आणि आघारकर संशोधन संस्था अगदी शेजारी शेजारी आहेत. एकीकडे सुमारे २८ हजार हस्तलिखितं, भूर्जपत्रं, ताडपत्रं, आणि शेजारी गहू, सोयाबीन, द्राक्षाचे नवीन वाण तयार करणारे लोक. दोन्ही संस्थांच्या नावात संशोधन हा एकच शब्द आहे, पण आत चालणारं काम इतकं वेगळं आहे की एकीकडचा माणूस दुसरीकडे नेऊन बसवला तर पहिले काही महिने त्याला पुरावा कशाला म्हणायचं हेच कळणार नाही. पुण्यातलं संशोधन म्हणजे शहरात आणि आसपास गेली शंभराहून जास्त वर्षं चालत आलेलं हे सगळं काम, पोथ्या, दफ्तरं, उत्खनन, रसायनं, विषाणू, पाऊस, शेती, तारे वगैरे. शाळेत आपल्याला संशोधन म्हणजे प्रयोगशाळा एवढंच शिकवतात आणि त्यामुळे भाषा, इतिहास, समाज यातलं काम लोकांना संशोधन वाटतच नाही, हा गैरसमज खरंच जायला हवा म्हणून ही नोंद थोडी सविस्तर.

नक्कल आणि चूक

भांडारकर संस्था ६ जुलै १९१७ ला सुरू झाली आणि तिचं सगळ्यात मोठं काम म्हणजे महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे वेगवेगळ्या पोथ्या ताडून पाहून ठरवलेला जितका मिळेल तितका जुना मजकूर. हे काम १९१९ मधे हाती घेतलं, १९२५ पासून वि. स. सुकथनकर मुख्य संपादक झाले, १९४३ मधे ते गेले, मग बेलवलकर, मग प. ल. वैद्य, आणि शेवटी १९६६ मधे ते पूर्ण झालं. म्हणजे ४७ वर्षं. एकूण १२५९ हस्तलिखितं तपासली, शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ (हे दक्षिणेतल्या एका लिपीचं नाव), मल्याळम अशा लिप्यांमधली. पद्धत ऐकायला साधी आहे, कागदावर वरती श्लोक लिहायचा, खाली एकेका पोथीत त्या जागी काय वेगळं आहे ते नोंदवत जायचं, एखादं अक्षर जरी बदललं असेल तरी नोंद करायची, आणि हे एका श्लोकासाठी नाही तर अख्ख्या ग्रंथासाठी. हे काम ज्यांनी केलं त्यातल्या बऱ्याच जणांची नावं आज कुणाला माहितही नाहीत.

पण खरी गोष्ट त्याच्या पुढची. पोथ्या हाताने उतरवलेल्या असतात, उतरवताना चुका होतात, आणि पुढचा लेखक ती चूक तशीच उतरवतो, म्हणजे दोन पोथ्यांमधे एकच विचित्र चूक सापडली तर त्या एकाच मूळ प्रतीवरून आल्या असणार. अशा चुकांवरून पोथ्यांची वंशावळ लावता येते. महाभारताच्या बाबतीत मात्र अशी सरळ वंशावळ लागत नाही असं सुकथनकरांच्या लक्षात आलं, कारण लोक दोन दोन पोथ्या समोर ठेवून त्यांचे पाठ, म्हणजे त्या त्या पोथीतले शब्द, मिसळत आले होते. मग त्यांनी वेगळा निकष धरला, की एकमेकांशी संबंध येणं अवघड अशा दोन परंपरा, समजा काश्मिरातली शारदा पोथी आणि केरळातली मल्याळम पोथी, एका पाठावर जुळत असतील तर तो पाठ जुना समजायचा. सुकथनकर आधी केंब्रिजला गणित शिकले होते आणि मग बर्लिनला जाऊन संस्कृतात शिरले, त्यांच्या प्रस्तावनेची शिस्त पाहिली की ते गणित जाणवतं असं मला वाटतं. या निकषातून जे निघालं ते सगळ्यांना रुचणारं नव्हतं, गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची कथा मूळ संहितेतून परिशिष्टात गेली, वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदी कृष्णाचा धावा करते ते श्लोकही मूळ मजकुरात राहिले नाहीत. कथा खोटी ठरवली असा याचा अर्थ नाही, उपलब्ध पोथ्यांच्या आधाराने जितकं मागे जाता येतं तिथे ती नव्हती, एवढंच हे संशोधन सांगतं आणि त्यापलीकडे बोलत नाही.

आता याच शहरातल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत (एनआयव्ही) या. ही १९५२ मधे व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून सुरू झाली. विषाणू स्वतःच्या नकला काढतो, नकला काढताना त्याच्या जनुकीय मजकुरात अक्षरं बदलतात, ती चूक पुढच्या पिढीत उतरते, आणि कुठल्या नमुन्यांमधे कुठल्या चुका सारख्या आहेत त्यावरून विषाणूची वंशावळ लावतात. कोविडच्या काळात आपण सगळे व्हेरियंट व्हेरियंट म्हणत होतो ते याच हिशोबावर ठरत होतं. कोव्हॅक्सिन लसीसाठीचा विषाणू सुद्धा २०२० मधे याच संस्थेने वेगळा करून दिला होता. पोथी आणि विषाणू यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, पण दोन्हीकडे चूक हाच पुरावा आहे, आणि ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

एनआयव्हीचं काम फक्त प्रयोगशाळेत होतं असंही नाही. १९५७ मधे शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली आणि गावांत तापाची साथ आली तेव्हा इथल्या लोकांनी तिकडे जाऊन मेलेली माकडं, गोचिडी, रक्ताचे नमुने गोळा केले आणि एक नवाच विषाणू सापडला, जो गोचिडीतून पसरतो. तोच आजार सिंधुदुर्गात दोडामार्गकडे माकडताप म्हणून लोकांना चांगलाच माहित आहे.

कागद आणि माती

सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चं, वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी काढलेलं. राजवाडे गावोगाव फिरून वाड्यांमधून कागद गोळा करायचे, त्यांनी छापलेल्या साधनांचा पहिला खंड १८९८ चा आहे. तिकडे पुणे पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत, बहुतेक मोडीत. मोडी वाचता येणं ही फक्त पहिली पायरी, कारण पत्रावर बऱ्याचदा पूर्ण तारीख नसतेच, नुसतं "छ" म्हणजे चंद्र आणि पुढे आकडा आणि मुसलमानी महिना, वर्ष नाही. मग जंत्री, म्हणजे जुन्या तारखांचा मेळ घालणारं कोष्टक, घेऊन बसायचं, मजकुरात कुणाचं नाव आलंय, कुठली मोहीम चालू आहे, त्यावरून वर्ष ठरवायचं, आणि वर्ष चुकलं की त्या पत्रावर उभा केलेला सगळा इतिहास चुकतो.

डेक्कन कॉलेजचं मूळ १८२१ च्या पाठशाळेत आहे पण आजची पदव्युत्तर संशोधन संस्था १९३९ ची. तिथल्या ह. धी. सांकळियांनी महाराष्ट्रात पुरातत्त्वाची घडी बसवली, जोर्वे, नेवासे, आणि मग शिरूर तालुक्यातलं घोड नदीकाठचं इनामगाव. इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात बारा हंगाम खणलं. वस्ती साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० ची. आधीच्या काळातली घरं चौकोनी आणि मोठी, शेवटच्या काळात लहान गोल झोपड्या. लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात पुरलेलं, तेही घराच्याच जमिनीखाली, आणि मोठ्या माणसांचे पाय घोट्यापासून तोडलेले. हे सगळं मोजता येतं, काढता येतं, फोटो घेता येतो. पण पाय का तोडले? मेलेला माणूस परत चालत येऊ नये म्हणून असेल असं म्हणतात, ते पटतं पण, सिद्ध करायचं कसं? त्या लोकांनी एक ओळ लिहून ठेवलेली नाही. इथे पुरातत्त्वज्ञ थांबतो आणि थांबता येणं हेही या कामातलं कौशल्यच. घरं लहान का झाली याचं उत्तर मात्र जळलेल्या धान्यातून, हाडांतून शोधता येतं, पाऊस कमी होत गेला आणि लोक शेतीकडून गुराढोरांकडे आणि शिकारीकडे वळले असं मत मांडलं गेलं, आणि त्यासाठी खणणाऱ्या माणसाच्या बरोबर वनस्पती ओळखणारा आणि हाडं ओळखणारा लागतो.

पाऊस म्हटलं की पाषाणची उष्णदेशीय हवामान संस्था (आयआयटीएम, १९६२). तिथे सागवानाच्या खोडातली वर्तुळं मोजून पावसाच्या नोंदी सुरू व्हायच्या आधीचा पाऊस कसा होता ते शोधतात. म्हणजे झाड हेच दफ्तर.

भिंती ओलांडणारे

दामोदर धर्मानंद कोसंबींचं उदाहरण या विषयात सगळ्यात आधी द्यायला हवं. जन्म १९०७, गोव्यातले, पेशाने गणिती, फर्ग्युसनमधे शिकवायचे, नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, राहायचे पुण्यातच भांडारकर संस्थेजवळ. त्यांना प्राचीन आहत नाण्यांचा, म्हणजे ठसे ठोकून केलेल्या नाण्यांचा, क्रम लावायचा होता. नाणं हातोहात फिरलं की झिजतं, झिजलं की वजन कमी होतं, तेव्हा जी नाणी जास्त फिरली त्यांचं सरासरी वजन कमी. हे खरंच असं होतं का हे बघायला त्यांनी चलनातली आजकालची हजारो नाणी तराजूवर तोलली, आणि मग तक्षशिलेला सापडलेल्या साठ्याला तेच गणित लावलं. त्याच माणसाने भर्तृहरीच्या शतककाव्यांची चिकित्सक आवृत्ती काढली (१९४८), पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर फिरून दगडाची बारीक हत्यारं वेचली, आणि १९४३ च्या सुमारास गुणसूत्रावरच्या जनुकांमधलं अंतर काढायचं जे सूत्र दिलं ते कोसंबी फंक्शन या नावाने पिकांच्या जनुकशास्त्रात आजही वापरतात. आज असा माणूस कुठल्या विभागात नोकरीला अर्ज करेल हे सांगता येत नाही आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इरावती कर्वे डेक्कन कॉलेजात, मानवशास्त्र आणि समाजशास्त्र दोन्ही, माणसांच्या डोक्याची मापं घेण्यापासून नात्यांच्या शब्दांपर्यंत. मामा, आत्या, मेहुणा हे शब्द कुठल्या प्रांतात कुणाला लावतात त्यावरून लग्नाचे नियम कळतात हे त्यांनी १९५३ च्या पुस्तकात दाखवलं. धनंजयराव गाडगीळ गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्थेत (१९३०), त्यांनी पुण्याच्या फळबाजाराची आणि वाई तालुक्यातल्या शेतीच्या हिशोबाची पाहणी केली, शेतकऱ्याकडे जाऊन बियाणं किती, मजुरी किती, हातात उरलं किती असं विचारत. त्यांचा मुलगा माधव गाडगीळ परिसरशास्त्रज्ञ झाला आणि त्यांनी वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तकांबरोबर देवरायांचा अभ्यास केला, तिथे झाडाचं नाव जितकं महत्त्वाचं तितकंच देवाचं नाव आणि फांदी तोडली तर काय होतं असं गाववाले म्हणतात तेही.

रसायन आणि आकाश

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) ३ जानेवारी १९५० ला सुरू झाली. उत्प्रेरक, पॉलिमर, औषधं असं उद्योगांना लागणारं काम तिथे खूप झालं. पण १९९० मधे तिथल्या ऊतीसंवर्धनाच्या लोकांनी बांबूला काचेच्या नळीत काही आठवड्यांत फुलं आणली ते मला जास्त मोठं वाटतं, कारण बांबू काही दशकांतून एकदा फुलतो आणि मरतो, म्हणजे एका संशोधकाच्या आयुष्यात एक दोनदाच बघायला मिळणार.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, पुण्यापासून साधारण ८० किलोमीटर. गोविंद स्वरूप यांची कल्पना. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, १४ मधोमध आणि १६ इंग्रजी वाय आकाराच्या तीन हातांवर २५ किलोमीटर पसरलेल्या. तबकडी भरीव पत्र्याची नाही, स्टीलच्या तारेची जाळी दोऱ्यांनी ताणून बसवली आहे, वारा आरपार जातो त्यामुळे वजन आणि खर्च दोन्ही कमी. तीस तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात, प्रत्येक जोडीचा सिग्नल जुळवून चित्र तयार होतं. जागा निवडताना रेडिओ गोंगाट कमी असावा हे बघितलं, कारण आकाशातून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की मोबाईल टॉवर आणि विजेच्या तारा त्याला सहज गिळतात. दिवसाचा बराच वेळ गोंगाट वेगळा काढण्यातच जातो, आणि हे पाठभेद बाजूला काढण्यापेक्षा फार वेगळं काम नाही. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे आसपासच्या शाळांची मुलं येतात, जमलं तर मुलांना घेऊन जाच. विद्यापीठाच्या आवारातली आयुका (१९८८) ही खगोलशास्त्राची संस्था जयंत नारळीकरांनी उभी केली, तिथल्या संजीव धुरंधरांनी गुरुत्वीय लहरींचा सिग्नल गोंगाटातून कसा ओळखायचा यावर त्या लहरी सापडायच्या कितीतरी वर्षं आधीपासून काम केलं, लहरी सापडल्या सप्टेंबर २०१५ मधे.

वेळ

एनआयव्हीला साथीत काही दिवसांत उत्तर द्यावं लागतं. जीएमआरटीवर काही पल्सारची, म्हणजे फिरता फिरता ठराविक वेळाने रेडिओ ठोके देणाऱ्या ताऱ्यांची, टिकटिक वर्षानुवर्षं मोजत बसतात. आणि डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा ऐतिहासिक कोश चालू आहे, सु. मं. कत्र्यांनी सुरू केलेला. सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून त्यातला शब्द, संदर्भ, अर्थ असं एकेका चिठ्ठीवर उतरवलं, अशा सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तिथे कपाटांमधे लावून ठेवल्या आहेत. शब्द आधी कुठे आला, मग अर्थ कसा सरकला, हे काळाच्या क्रमाने द्यायचं म्हणून घाई करताच येत नाही. पहिला भाग १९७६ मधे छापला गेला, त्यानंतर खंडामागून खंड आले, आणि अजून काम "अ" ने सुरू होणाऱ्या शब्दांच्याच आसपास आहे.